लाल विंचू आणि लहान मूल
लाल विंचवाच्या विषाचा खरा धोका मुलाच्या हृदयाला. कोकणात तो जांभ्या दगडाच्या गडग्यात किंवा लाकडांच्या राशीत दडतो. दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय दिसले की विष भिनले समजावे. पुढे फुप्फुसात पाणी साठू शकते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात रक्तदाबावरचे स्वस्त प्राझोसिन वापरले आणि मृत्यू झपाट्याने घटले. अनुभवावर न थांबता त्यांनी चाचणीही केली, हे विशेष. २०११च्या त्या अभ्यासात प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ पैकी फक्त आठ. गोळीची मात्रा डॉक्टर वजनावरून ठरवतात. गोळीनंतर मुलाला झोपवूनच ठेवतात. उठवल्यास रक्तदाब एकदम उतरू शकतो.