फकिराच्या घरातली राधा

(छत्रपती संभाजीनगर येथे महिला वाचन मंडळात केलेले भाषण)



आफ्रिकन कादंबरीतल्या वीरपुरुषांवर बोला, असं मला सांगितलं होतं. बोलते, पण सुरुवात आपल्या वाटेगावच्या फकिरापासून करते. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' १९५९ साली आली. ज्यांना सरकारने जन्मजात गुन्हेगार ठरवून हजेरीला उभं केलं, त्या मांगवाड्यातला माणूस कादंबरीचा नायक झाला. हे लहान काम नव्हतं.

फकिराचा पराक्रम स्वतःसाठी नाही. दुष्काळात माणसं उपाशी मरू लागतात तेव्हा तो धान्य लुटतो. सरकार त्याच्या लोकांना डांबून ठेवतं तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी तो आपणहून हजर होतो. लोक सुटतात, फकिरा जातो.

नायजेरियाच्या चिनुआ अचेबेंची 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ सालची. तिचा नायक ओकोंक्वो नामांकित कुस्तीगीर. पण त्याच्या शौर्याच्या तळाशी भीती आहे. बाप दुबळा, कर्जबाजारी होता. आपल्याला कुणी त्याच्यासारखं म्हणू नये, एवढ्याचसाठी तो जगतो. तीन वर्षं घरात वाढलेल्या, त्याला बाप म्हणणाऱ्या इकेमेफुनावर तो स्वतः कोयता चालवतो. का, तर लोक भित्रा म्हणतील. बायकांना मारतो. थोरला मुलगा दुरावतो, मिशनऱ्यांकडे जातो. शेवटी ओकोंक्वो गळफास घेतो आणि त्याला पुरायलासुद्धा गावचे लोक हात लावू शकत नाहीत. एकाचं शौर्य वस्तीला जगवतं, दुसऱ्याचं घर जाळतं. दोघांना एकाच मापाने 'वीर' म्हणण्याची आपली सवय मला खटकते.

आणि बायका? ओकोंक्वोची बायको एकवेफी. हिच्यावर त्याने एकदा बंदूकही झाडली होती. नेम चुकला म्हणून वाचली. देवाची पुजारीण तिच्या एकुलत्या एक लेकीला पाठीवर घेऊन रात्री निघते, तेव्हा ही मागे येऊ नकोस असं बजावलेलं असताना मिट्ट काळोखात तिच्या मागोमाग चालत राहते. गाव तिला वीर म्हणत नाही. तशीच फकिराची आई राधा. नवरा राणोजी गावासाठी जोगणी आणायला गेला आणि मारला गेला. गावाला जत्रेचा मान मिळाला. राधेच्या वाट्याला रंडकीपण आणि पोरं वाढवणं. पुढे त्यातलाच एक पुन्हा बापाच्या वाटेने जातो. मी कादंबरी तिसऱ्यांदा वाचली तेव्हा कुठे राधेपाशी थांबले. मीसुद्धा!

थांबले, कारण आमचं घर आठवलं. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ नंतर जी माणसं तुरुंगात गेली, त्यांत माझे वडील होते. मला त्यांचा अभिमान आहे. १९९४ साली नामविस्तार झाला तेव्हा वस्तीत त्यांचा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. आई मागे चहाच्या पातेल्यापाशी. वडील तुरुंगात असताना तिने धुण्याभांड्याची कामं धरली, पायातली जोडवी मोडली, आम्हा चौघांची शाळा चुकू दिली नाही. वडील भाषणात म्हणाले, "तीन महिने आत होतो." आई मागून म्हणाली, "ऐंशी दिवस." लोक हसले. वडीलही हसले.

पुढच्या बैठकीला 'फकिरा' घेऊन या. राधा जिथे जिथे येते त्या पानांना खुणा करून आणा. तिथूनच वाचायला सुरुवात करू.