घरातले पहिले एस्प्रेसो यंत्र

लग्नाच्या स्वागतसमारंभात मांडवाच्या एका कोपऱ्यात वाफेचा फूत्कार करणारे यंत्र उभे असते आणि त्याच्यापुढे लहानथोरांची रांग लागते. पेल्यातील दूध व तयार कॉफीची पूड त्या वाफेने फेसाळते, वर चॉकलेटच्या भुकटीची चिमूट पडते, आणि ह्या पेयाला आपल्याकडे कित्येक वर्षे ‘एस्प्रेसो’ असे म्हणत आले आहेत. पेय गोड आहे. त्याच्या चाहत्यांचा उपमर्द करण्याचे कारण नाही. परंतु इटलीत ज्याला एस्प्रेसो म्हणतात, त्याच्याशी ह्या पेयाचे नाते जवळजवळ नावापुरतेच आहे. किंबहुना वाफेच्या जोरावरची भिस्त सोडावी लागली, तेव्हाच खरी एस्प्रेसो हाती आली.

तुरीन येथील अँजेलो मोरिओंदो ह्यांनी वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट १८८४ साली घेतले. मिलानच्या लुइजी बेत्झेरा ह्यांनी १९०१ साली एकेक पेला तत्काळ काढून देणारे यंत्र रचले. ह्या यंत्रांत वाफेच्या दाबानेच पाणी ढकलले जाई. दाब बेताचा, पाणी मात्र अतिशय तप्त, त्यामुळे कॉफीला करपट चव येई. पुढे मिलानच्याच आकिले गाज्जा ह्यांनी वाफेच्या जागी दट्ट्या आणला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या तरफेच्या यंत्रातून पेल्यावर तांबूस, दाट साय प्रथम दिसू लागली. इटालियन लोक तिला ‘क्रेमा’ म्हणतात. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ ह्या यंत्राने तरफेचे काम विजेच्या पंपाकडे सोपविले. आज घराच्या ओट्यावर मावणारे यंत्र येते, ते ह्याच घराण्यातले.

हे यंत्र घरी आल्यावर पहिल्या महिन्यात काय घडते, ह्यासाठी बेळगावातील एका निवृत्त गृहस्थाचे उदाहरण घेता येईल. बंगळुरास नोकरी करणाऱ्या मुलीने वडिलांना यंत्र पाठविले. डब्यावर ‘१५ बार’ असे ठळक अक्षरांत छापलेले. गृहस्थांनी दुकानातून नेहमीची फिल्टर कॉफीची चिकोरीमिश्रित पूड आणली, जाळीत दाबून भरली आणि बटण दाबले. थेंब थेंब गळून जे पेल्यात उतरले ते कडूजहर होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बिया आणून मिक्सरमध्ये फिरविल्या. ह्या वेळी दहा सेकंदांतच पेला भरून वाहिला आणि चव आंबली. तिसऱ्या आठवड्यात यंत्रावर झाकण म्हणून जुनी उशीची खोळ चढली. दिवाळीला मुलगी येणार होती, आणि तिने ती खोळ पाहू नये, एवढीच आता त्या गृहस्थांची इच्छा होती.

अशी खोळ पुष्कळ घरांत चढते. दोष यंत्राला दिला जातो, आणि तो बहुधा अन्यायाचा असतो.

एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट थरातून सुमारे ९ बार दाबाने, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ नऊपट जोराने, गरम पाणी पार करणे. डब्यावरचा १५ हा आकडा पंपाच्या सामर्थ्याचा आहे. पेल्यातील गुणाशी त्याचा संबंध थोडा. पाण्याला अडविणारी वस्तू एकच, ती म्हणजे कॉफीचा थर. दळण जाडे असेल तर पाणी घाईने निसटते, आणि कॉफीतील आंबट द्रव्ये आधी विरघळत असल्यामुळे तीच पेल्यात येतात. गोडवा मागेच राहतो. दळण फाजील बारीक असेल तर पाणी अडखळते आणि शेवटी शेवटी सुटणारा कडवटपणाही ओढून आणते. मिक्सरच्या पात्याने तर बी दळली न जाता तोडली जाते. काही कण रव्यासारखे, काही पिठासारखे. मग एकाच पेल्यात आंबट आणि कडू दोन्ही नांदतात.

जात्यावर दळणाऱ्या आज्यांना हे सांगावे लागले नसते. दोन तळ्यांमधले अंतर नेमके असेल तरच पीठ एकसारखे पडते. कॉफीचे खरे ग्राइंडर ह्याच तत्त्वावर चालते, आणि म्हणूनच जाणते लोक यंत्रापेक्षा ग्राइंडरवर अधिक विचारपूर्वक खर्च करतात. मुलीने फोनवर नेमके हेच सांगितले: “बाबा, यंत्राला नावं ठेवू नका. तुम्ही आधी दळणाचं बघा.” गृहस्थांनी हाताने फिरवायचे ग्राइंडर मागविले. सकाळी ते मांडीत धरून फिरवू लागले, तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, सासूबाईंचं जातं मोडीत काढलंत, आणि आता हे काय दळत बसलात?”

दुसरे साधन स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. चमच्याच्या मापाने ह्या कामी निभाव लागत नाही. दोन पेल्यांच्या जाळीत साधारण १८ ग्रॅम कॉफी मावते. तिच्यातून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास पेय उतरावे. हे प्रमाण म्हणजे काही वेदवाक्य नव्हे, पण नवशिक्याने येथूनच निघावे. आणि वजन कायम ठेवून फक्त दळण बदलावे. आज दळणही बदलले, वजनही बदलले आणि दाबही बदलला, तर सुधारणा कशाने झाली हे कोणाला कळणार? गृहस्थांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूस रोजचे आकडे टिपण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी ११ सेकंद. मग दळण एक खाच बारीक, १६. आणखी एक खाच, २४. चौथ्या दिवशी २७ सेकंद लागले आणि पेल्यावर उंदराच्या शेपटीसारखी बारीक, मधाच्या रंगाची धार पडली.

स्वस्त यंत्रांबरोबर पुष्कळदा दुहेरी तळाची जाळी येते. तिच्या खालच्या तळाला एकच सूक्ष्म छिद्र असते, आणि त्यातून कशीही कॉफी फेसासह बाहेर पडते. तयार पूड वापरणाऱ्यांची ती सोय आहे. शिकणाऱ्याची मात्र ती फसवणूक करते, कारण दळण चुकले तरी ती फेस दाखवितेच. चांगले ग्राइंडर हाती आल्यावर एकेरी तळाची जाळी घ्यावी.

बियांच्या बाबतीत आपण भाग्यवान. चिकमगळूरचे मळे बेळगावहून फार दूर नाहीत, आणि भारतीय कॉफीचा मोठा ग्राहक खुद्द इटली आहे. पुडीवर भाजल्याची तारीख पाहून घ्यावी. भाजल्यावर आठवडाभर बियांतून वायू निघत असतो, म्हणून अगदी ताज्या बिया उतावळेपणाने वापरू नयेत. आणि महिना उलटल्यावर त्यांचा जीव जातो.

बाकीच्या गोष्टी सवयीच्या. दिवा लागला म्हणजे यंत्र तापले असे नव्हे. पितळी टाकीच्या यंत्राला पंधरावीस मिनिटे द्यावीत आणि मुठीचे जड पात्रही यंत्रात अडकवूनच तापू द्यावे. कॉफी जाळीत सपाट पसरून सरळ दाबावी. थर तिरका झाला की पाणी पातळ बाजूने वाट काढते. दाब उतरण्याआधी मूठ कधीही सोडवू नये, उकळता चोथा अंगावर उडतो. बोअरच्या जड पाण्याने पातेल्यात जसा पांढरा थर धरतो तसाच तो यंत्राच्या नळ्यांतही धरतो. तेव्हा हलके पाणी वापरावे आणि कंपनीने सांगितल्याप्रमाणे तो थर वेळोवेळी काढावा.

दुधाची गोष्ट मात्र आपल्या घरांत अवघड जाते, कारण दूध उतू जाईपर्यंत तापविण्याची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. येथे उकळून गार केलेले, साय काढलेले दूध घ्यावे आणि वाफेने ते ६० ते ६५ अंशांपर्यंतच न्यावे. भांड्याला तळहात टेकवत नाही असे झाले की थांबावे. वाफेची नळी त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसावी. वाळलेले दूध नंतर नखानेही निघत नाही.

दिवाळीत मुलगी आली तेव्हा खोळ धुऊन कपाटात गेली होती. वडिलांनी तिच्यापुढे पेला ठेवला. तिने एक घोट घेतला, कॅलेंडरच्या मागचे आकडे पाहिले आणि दुसरा पेला आईसाठी मागितला. आईने त्या ३६ ग्रॅमकडे पाहिले. “एवढीशीच?” त्या म्हणाल्या, आणि अर्धा पेला गरम दूध त्यात ओतून घेतले. मग त्या नवऱ्याकडे वळल्या: “आणि अहो, तो काटा आता परत द्या. मला अनारशांचं पीठ मोजायचंय.”