हवामानबदल आणि आपली शेती : मोजायचं काय?



मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं, "तू नेमकं काय मोजस रे भाऊ?" इतकी वर्षं नोकरी केली, पण हे मला घरच्यांनाही नीट सांगता आलेलं नाही. आज प्रयत्न करतो.

बदलत्या हवामानाचा फटका कोणत्या जिल्ह्याच्या शेतीला किती बसेल, याला आकडा द्यायचा, हे काम. त्याला असुरक्षितता निर्देशांक म्हणतात. त्यात तीन गोष्टी पाहतात : तडाखा केवढा, पिकाला तो लागतो किती, आणि सावरायची ताकद किती. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०१३ साली ३८ निकष लावून देशातल्या ५७२ ग्रामीण जिल्ह्यांचे असे नकाशे काढले. निकष ० ते १ मध्ये बसवायचे. सर्वांत कमी सिंचनाचा जिल्हा १, सर्वांत जास्त सिंचनाचा ०, बाकीचे मधे. थोडक्यात, वर्गातला नंबर. सगळा वर्ग नापास झाला तरी कुणीतरी पहिला येतोच, हे आपल्या तुकडीला वेगळं सांगायला नको!

पण या नंबरावर पैसा ठरतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला. त्यात गावं निवडताना अशा मोजमापाचा आधार घेतला होता. पहिल्या टप्प्यात जळगाव होता, धुळे नव्हता. पारोळ्याकडून धुळ्याला जाताना हद्द कुठे लागली ते कळतही नाही. तीच काळी जमीन, तीच कपाशी.

आता रावेर-यावलकडच्यांनी रागावू नये. तुमच्या केळीला पाणी आहे, ठिबक आहे, म्हणून सिंचनाच्या रकान्यात तुम्हाला चांगले गुण पडतात. ते पाणी ट्यूबवेलचं आहे आणि ट्यूबवेल दरसाल खोल जातेय, हे त्या रकान्यात दिसत नाही. वर केळीला जानेवारीची थंडीही बाधते आणि मेमधलं ऊनही. जिल्ह्याच्या सरासरीत तुमची केळी आणि अमळनेर-पारोळ्याची कोरडवाहू कपाशी एकाच ओळीत येतात. धुळ्याचंही तसंच. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात भात पिकतो, शिंदखेड्यात ढग नुसते वरून जातात.

मला सर्वांत जास्त खटकतो तो न मांडलेला रकाना. सावरायची ताकद मोजताना आम्ही साक्षरता, रस्ते, बँकेचं कर्ज असं धरतो. पांझराकाठची फड पद्धत कुठे धरायची? नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, दरवर्षी फेरपालट. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा सगळ्यांत वाटला जायचा. पाणी पाटकरी द्यायचा. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. शेकडो वर्षं हे सरकारी कागदाशिवाय चाललं. आता बऱ्याच ठिकाणी मोडलंय, काही ठिकाणी तग धरून आहे.

एका बैठकीत मी हा निकष सुचवला. उत्तर मिळालं, "याची जिल्हावार आकडेवारी आणा, मग बघू." ते चूक म्हणत नव्हते. सगळ्या जिल्ह्यांची आकडेवारी नसेल तर तुलनाच होत नाही. पण आकडेवारी नाही म्हणून ती ताकदही नाही, असं निर्देशांक धरून चालतो. हे मला मान्य नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या वसतिगृहात पांझराकाठची बरीच मुलं होती. ज्यांच्या घरी फड होता, ज्यांना पाटकऱ्याला धान्य किती द्यायचे हे आठवतं, कोणत्या साली कोणता फड कोरडा ठेवला हे वडिलांकडून ऐकलंय, त्यांनी जेवणाआधी मला भेटावं. वही आणली आहे. मी डावीकडच्या पहिल्या पंगतीत बसतो.