उपग्रह-चित्रातून पाणलोटाची ओळख



निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या फरकावरून उपग्रह-चित्रात हिरवाई अंकांत मोजता येते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे विनामूल्य मिळतात. त्यातील एक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे सुमारे एक गुंठा जमीन.

मात्र चित्र कारण सांगत नाही. आपल्या दिंडोरी-निफाडच्या कादवा खोऱ्यात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर निरोगी द्राक्षबागही चित्रात ओसाड दिसते. उलट, मे महिन्यातील हिरवेगार शेत कूपनलिकेच्या उपशावर उभे असू शकते. तेवढ्यावरून पाणी मुरले असे समजू नये.

म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर व एप्रिल-मे अशी दोन वेळची चित्रे गावाच्या गट नकाशावर बसवावीत. शिवारफेरी करून खात्री करावी आणि त्याच महिन्यांत विहिरींची पातळी नोंदवावी. माथ्याचा उतार उघडा दिसल्यास समतल चर, गवत व झाडे यांची कामे तेथून सुरू करावीत. दरवर्षी उन्हाळी हिरवाई वाढत असेल आणि विहिरी खालावत असतील, तर उपसा वाढला असे समजून गावाने पीकरचना वेळीच बदलावी.