क्वांटम संगणकाचीं द्वारें

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचें अहमदनगर, हें वेशींचें शहर. दिल्ली दरवाजांतून आंत आलेला वाटसरू जसा होता तसाच राहतो. क्वांटम संगणकांतील द्वार मात्र आंत शिरणाऱ्याची अवस्थाच पालटून टाकतें.

साध्या संगणकांतील बिट ० तरी असतो, नाहीं तर १. क्युबिट हा दोहोंच्या अध्यारोपित अवस्थेंत राहूं शकतो. त्याचें अनुकरण साध्या संगणकावर करणारी 'क्यूसिम' ही साधनमाला पुण्याची सी-डॅक, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि रुडकीची आय. आय. टी. यांनीं सिद्ध केली. ऑगस्ट २०२१ मध्यें ती खुली झाली.

अशा साधनांत कोणतीं द्वारें असतात? एक्स-द्वार ० चा १ आणि १ चा ० करतें. फ्रेंच गणितज्ञ हादामार यांच्या नांवाचें एच-द्वार निश्चित ० ला अशा अवस्थेंत नेतें, कीं मोजूं जातां ० आणि १ यांची शक्यता समसमान असते. तेंच द्वार पुन्हां ओलांडलें, तर निश्चित ० च हातीं येतो! नाणें दोनदां उडवून असें साधत नाहीं. झेड, एस व टी हीं द्वारें केवळ कला बदलतात. सी-नॉट-द्वारांत पहिला क्युबिट १ असेल तरच दुसरा उलटतो. या सर्वांचें कार्य उलटवितां येतें. मापन मात्र द्वार नव्हे, तेथून परत फिरणें नाहीं.

यादी लांब म्हणून सामर्थ्य मोठें, असें मात्र नव्हे. एच, टी व सी-नॉट एवढ्या तिहींतून इतर कोणतेंही द्वार हव्या तितक्या सूक्ष्मतेनें रचतां येतें. टी वगळून एस ठेवलें, तर तें सारें गणित साधा संगणकही झटपट उरकतो, हें गॉट्समन यांनीं १९९८ सालीं मांडलें.

अनुकरणाला मर्यादाही आहे. दर क्युबिटागणिक स्मृतीची गरज दुप्पट होते. ३० क्युबिटांची संपूर्ण अवस्था साठविण्यास सुमारें १७ अब्ज बाइट लागतात. ४० क्युबिटांस त्याच्या १,०२४ पट! म्हणूनच खऱ्या यंत्राची आवश्यकता. त्यासाठीं केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें ६,००३.६५ कोटी रुपयांचें राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलें.

परंतु दहा-पंधरा क्युबिटांचा अभ्यास घरच्या संगणकावरही होतो. अकोले वा शेवगांव येथील विद्यार्थ्यानें त्या महाग यंत्राची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. संमिश्र संख्या व सदिश यांची तयारी असली, म्हणजे हें द्वार त्याला आजच उघडें आहे.