एकभुक्त आणि भूक

आषाढी एकादशी उलटली कीं महाराष्ट्रांतील जुन्या वळणाच्या घरांत कोणी ना कोणी चातुर्मासाचा नेम धरतें. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतें, कोणी मौनानें जेवतें, आणि एखादी आजी एकभुक्त राहते; म्हणजे दिवसांतून एकदांच पानावर बसते. अलीकडे याच गोष्टीला निराळें रूप आलें आहे. मुंबई-पुण्याकडील तरुण मंडळी वजन उतरविण्यासाठीं एकवेळचें जेवण धरतात आणि त्यास ‘ओमॅड’ असें इंग्रजी आद्याक्षरांचें नांव देतात. आजीचा हेतु पुण्य जोडण्याचा, नातवाचा हेतु कमरेचा घेर उतरविण्याचा. पण घरांतील इतर माणसें दोघांनाही एकच प्रश्न विचारतात : ‘भूक लागत नाहीं का?’

नेम धरणाऱ्यांकडून याचें उत्तर बहुधा एकाच प्रकारचें मिळतें. पहिले चार-पांच दिवस संध्याकाळ फार जड जाते. देवापुढें दिवा लागतो, स्वयंपाकघरांतून फोडणीचा वास येतो, साडेआठला इतरांचीं पानें मांडलीं जातात, आणि पोटांत कावळे ओरडूं लागतात. मात्र साडेनऊ-दहा वाजले कीं कांहीं न खातांच ती भूक ओसरते. पंधरवडा लोटल्यावर तर साडेआठचा तो प्रसंगही पूर्वीइतका कठीण वाटत नाहीं. आतां भूक म्हणजे केवळ रिकामें पोट असतें, तर साडेआठपेक्षां दहा वाजतां ती अधिक व्हावयास हवी होती. कारण मधल्या वेळांत पोट अधिकच रिकामें झालेलें असतें. तसें होत नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं शास्त्रज्ञांचा भर रिकाम्या पोटावरच होता. १९१२ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत वॉल्टर कॅनन यांच्या वॉशबर्न नांवाच्या सहकाऱ्यानें रबराचा एक लहानसा फुगा गिळला. फुग्याला जोडलेल्या नळीवाटे जठराच्या हालचाली कागदावर उमटत, आणि भुकेची कळ आली कीं वॉशबर्न हातांतील बटण दाबी. जठराचें आकुंचन आणि भुकेची कळ यांची वेळ जुळली. प्रयोग मोठा गमतीचा होता आणि त्यांत तथ्यही होतें. पण तेवढ्यानें उलगडा पुरा होत नव्हता. ज्यांचें जठर शस्त्रक्रियेनें काढून टाकावें लागतें अशा माणसांनाही भूक लागते. तेव्हां या व्यवहाराचा दुसरा धनी कोणी असलाच पाहिजे.

त्याचा माग प्राण्यांत आधीं लागला. १९२२ सालीं रिक्टर नांवाच्या अमेरिकन संशोधकानें दाखविलें कीं, उंदरांना रोज ठराविक वेळीं एकदांच अन्न दिलें, तर कांहीं दिवसांनीं त्या वेळेच्या दोन-तीन तास आधींपासून ते पिंजऱ्यांत धांवपळ करूं लागतात. ज्यांच्या घरीं गोठा होता त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. आंबोणाची वेळ झाली कीं गाय दाराकडे मान वळवून हंबरते. तिला घड्याळ कोणी शिकविलेलें नसतें.

माणसाच्या शरीरांतील या घड्याळाचा एक कांटा १९९९ सालीं हातीं लागला. जपानांतील कोजिमा आणि कांगावा या दोघा शास्त्रज्ञांनीं उंदराच्या जठरांत एक नवा अंतःस्राव शोधून काढला आणि त्यास घ्रेलिन असें नांव दिलें. हा स्राव रक्तावाटे मेंदूपर्यंत जाऊन भुकेची वर्दी देतो. दोनच वर्षांनीं असें आढळून आलें कीं, तीन वेळां जेवणाऱ्या माणसाच्या रक्तांत तो प्रत्येक जेवणाच्या थोडा आधीं चढतो आणि जेवल्यावर तासाभरांत उतरतो. यापुढील गोष्ट एकभुक्त राहणाऱ्यांच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत निरोगी माणसांना उपाशी ठेवून त्यांचें रक्त पुनःपुन्हां तपासलें गेलें. ज्या वेळीं एरवी जेवण व्हावयाचें त्या वेळीं घ्रेलिन चढलें, आणि अन्नाचा कण पोटांत गेला नसतांही थोड्या वेळानें आपोआप उतरलें. आजीची साडेआठची भूक दहा वाजतां कां मावळते, याचें बरेंचसें उत्तर येथें मिळतें.

शाळेच्या घंटेसारखाच हा प्रकार आहे. मधल्या सुटीची घंटा झाली कीं सबंध वर्गाला एकदम भूक लागते. घंटा दहा मिनिटें उशिरां झाली, तर मुलें दप्तरांतील डब्याकडे पाहूं लागतात. पण वेळापत्रक बदललें, म्हणजे महिन्याभरांत तींच मुलें नव्या वेळेला भुकेजतात. घ्रेलिनचा चढउतारही त्या त्या माणसाच्या नेहमींच्या जेवणांतील अंतराशीं जुळतो, असें २००८ सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें. म्हणजे भुकेची वेळ बऱ्याच अंशीं शिकविलेली असते, आणि जें शिकविलें आहे तें सावकाशीनें विसरवितांही येतें.

येथवर ऐकून नेमधारी मंडळींना समाधान वाटेल. परंतु दुसरी बाजू सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं.

अमेरिकेंत मेरीलँड संस्थानांतील बेल्ट्सव्हिल येथें सरकारी आहार-संशोधन केंद्र आहे. तेथें झालेला एक प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. चाळीस ते पन्नास वयाचीं, बेताच्या वजनाचीं, निरोगी माणसें निवडलीं. त्यांनीं आठ आठवडे दिवसांतून तीनदां जेवावें आणि आठ आठवडे एकदांच, संध्याकाळच्या चार तासांत जेवावें, असें ठरलें. एकूण अन्न मात्र दोन्हीं वेळीं सारखेंच राखलें होतें. आरंभीं एकवीस जण होते. निरनिराळ्या कारणांनीं सहा गळाले आणि पंधरा शेवटपर्यंत राहिले. एकवेळच्या जेवणावर असतांना या लोकांची भूक निवळली नाहीं. उलट तीन वेळच्या मानानें ती स्पष्टपणें वाढलेली आढळली. आणखी एक मौज अशी कीं, दिवसभर भुकेनें कासावीस होणारीं हींच माणसें संध्याकाळीं पानावर बसल्यावर ‘इतकें संपत नाहीं’ अशी तक्रार करीत. सबंध दिवसाचें अन्न एका बैठकींत रिचविणें हें लग्नाच्या पंगतींत लाडू रिचविण्याइतकें सोपें नाहीं. अंगावरची चरबी थोडी घटली खरी. पण रक्तदाब वाढला आणि सकाळच्या रक्तांतील साखरही अधिक भरली.

मग आजी खोटें सांगते काय? तसें म्हणण्याचें कारण नाहीं. एक तर प्रयोगांतील मंडळींना दिवसभराचें अन्न मोजून संपवावें लागे, आणि आजीला तशी सक्ति नसते. तिचा आहारच हळूहळू आखडत जातो. दुसरें, आजी दुपारीं जेवते, तीं माणसें संध्याकाळीं जेवत. परंतु सर्वांत मोठें कारण बहुधा निराळेंच आहे. ज्यांना हा नेम झेपत नाहीं ते तो पहिल्याच पंधरवड्यांत मुकाट्यानें सोडतात आणि त्याविषयीं बोलतही नाहींत. ज्यांना झेपतो तेच वर्षानुवर्षें राहतात आणि इतरांना सांगतात कीं भूक मुळींच लागत नाहीं. पोहून पलीकडे गेलेल्यांनाच विचारून नदीची खोली ठरवावी, तसें हें होतें. तेव्हां भुकेची वेळ बदलतां येते, हें मान्य करावें. भूक नाहींशी होते, हें मान्य करण्यास आधार नाहीं.

आतां वासनेविषयीं. मराठींत भूक आणि खा-खा या दोन गोष्टींना पहिल्यापासून निराळे शब्द आहेत, हा भाषेचा शहाणपणा म्हटला पाहिजे. भूक पिठलें-भाकरीवर भागते. वासनेला मात्र नेमका चिवडा हवा असतो, नेमकें श्रीखंड हवें असतें. पोट भरलेलें असलें तरी तिचें अडत नाहीं. एकभुक्त राहणाऱ्याला साडेआठची भूक जितकी छळत नाहीं तितकी चार वाजतांच्या चहाबरोबरची खारी छळते. (चहाला पाणी मानून नेमांतून वगळण्याची सोय बहुतेकांनीं करून ठेवलेली असते, तो भाग वेगळा.) एखादा पदार्थ नुकताच वर्ज्य केला म्हणजे प्रथम प्रथम मन त्याच्याचभोवतीं फिरतें. परंतु ही अवस्था कायमची नसते. कित्येक आठवडे आहार कमी ठेवणाऱ्या स्थूल माणसांवरील अनेक प्रयोगांचा २०१७ सालीं एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हां गोड, तळलेल्या आणि पिठूळ पदार्थांची त्यांची ओढ वाढण्याऐवजीं कमी झालेली दिसली. जो पदार्थ तोंडांत पडत नाहीं आणि डोळ्यांसमोरही येत नाहीं त्याचा विसर पडूं लागतो. उलट जेथें एकभुक्ताच्या जोडीला रात्रीं साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि शेंगदाण्याचा लाडू असा ‘फराळ’ चालतो, तेथें एकादशी दुप्पट खाशी या म्हणीचाच अनुभव येतो. अशा घरांत भूकही शिकत नाहीं आणि वासनाही विसरत नाहीं.

आणि एकवेळचें अन्न मुळांतच अपुरें असेल, तर तेथें संवयीचा कांहींच इलाज चालत नाहीं. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अॅन्सेल कीज यांनीं छत्तीस तरुणांवर अर्धपोटीं राहण्याचा प्रयोग सुरू केला. युद्धांत लढण्यास नकार दिलेले हे तरुण आपखुशीनें त्यांत आले होते. महायुद्धानें उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हां कसें जेववावें, हें त्यावरून कळावयाचें होतें. त्यांना अन्न रोज वेळेवर मिळे, पण तें जवळजवळ निम्मेंच असे. सहा महिन्यांत त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांशानें उतरलें. या काळांत त्यांच्या मनांत अन्नावांचून दुसरा विषय उरला नाहीं. कोणी पाककृतींचीं पुस्तकें जमवूं लागला, कोणी बशा चाटूं लागला, कोणी दिवसभर च्युइंगमच चघळीत बसे. पुढें हवें तितकें अन्न मिळूं लागल्यावरही कित्येकांची भूक पुष्कळ दिवस भागेना. शरीरांतील चरबी मेंदूला आपल्या सांठ्याची खबर लेप्टिन नांवाच्या अंतःस्रावानें देत असते, हें १९९४ सालीं कळलें. सांठा घटला कीं ती खबर क्षीण होते आणि भूक तीव्र होते. जेवणाची वेळ शरीर शिकतें. तूट मात्र तें विसरत नाहीं.

हा भेद एका जुन्या प्रथेच्या संदर्भांत लक्षांत घ्यावा लागतो. महाराष्ट्रांतील ब्राह्मण घरांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत विधवा स्त्रीस एकभुक्त राहावें लागे. आलवण नेसलेली ही बाई पुष्कळ घरांत दोन्हीं वेळचा सोवळ्याचा स्वयंपाक करी. दुपारीं सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर उरेल तें ती जेवे, आणि संध्याकाळीं इतरांचा भात रांधून स्वतः त्याला शिवत नसे. तिच्या भुकेची विचारपूस झालीच तर ‘त्यांना संवय असते’ एवढ्या उत्तरावर ती संपे. हें उत्तर अर्धें खरें असल्यामुळेंच फार दिवस टिकलें. वेळेची संवय तिलाही होत असेल. पण चुलीपुढें बसून फोडणीचा वास रोज घेणाऱ्या माणसाची वासना कशी मावळावी, आणि उरलेंसुरलें खाणाऱ्याची तूट कशी भरून निघावी? बेल्ट्सव्हिलच्या एकवीस माणसांपैकीं सहा जण प्रयोग अर्ध्यावर टाकून आपापल्या घरीं गेले. या बाईला तो मार्ग मोकळा नव्हता. आज आजीचा नेम कौतुकानें पाहतांना तिच्याच घराण्यांतील कोणा पणजीचा हा नेम नव्हता, शिक्षा होती, याची आठवण घरांत कोणाला तरी असावी.

ज्यांना मधुमेहासाठीं इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूं नये. जेवण चुकलें आणि औषध चुकलें नाहीं, म्हणजे रक्तांतील साखर धोक्याइतकी खालीं जाते. वाढत्या वयाचीं मुलें, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांचा तर येथें प्रश्नच नाहीं. वृद्धांनींही एका पानांत डाळ, दूध, उसळ पुरेशी बसते कीं नाहीं, हें पाहावें; नाहीं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

कार्तिकी एकादशी होते, चातुर्मास संपतो, आणि द्वादशीच्या रात्रीं आजीचें पान पुन्हां सर्वांच्या ओळीला मांडलें जातें. त्या रात्रीं तिला फारसें जेववत नाहीं. ताक-भात चार घांस खाऊन ती उठते आणि सून म्हणते, ‘सासूबाई, भूक मेली वाटतें तुमची.’ पण त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, साडेआठला अजून पांच मिनिटें अवकाश असतांना, आजी स्वयंपाकघराच्या दारांत येऊन विचारते, ‘अजून किती वेळ आहे गं पानें घ्यायला?’