कोवळ्या पायांची परीक्षा

सुरत शहरातील कतारगाम भागात हिऱ्यांना पैलू पाडणारे असंख्य कारखाने आहेत. तेथील जाणता कारागीर कच्चा दगड हाती येताच तो चाकावर चढवीत नाही. भिंग लावून तो दगडातील डाग आणि भेगा न्याहाळतो, खुणा करतो आणि मगच कामाला हात घालतो. कारण घाईने चुकीचा घाव पडला तर दगड पुन्हा सांधता येत नाही. घोड्यांची पैदास करणाऱ्यापुढेही पारखीचा असाच प्रश्न असतो. कोवळे शिंगरू पुढे काय करून दाखवील, हे आधी कसे ओळखावे? अमेरिकेतील एका प्रसिद्ध शर्यतीने या प्रश्नाचे उत्तर देण्याचा यत्न केला. ती शर्यत आज बंद पडली आहे. तथापि तिची कथा आपल्याकडील श्रोत्यांनाही अगदीच परकी नाही.

न्यू जर्सी राज्यातील ‘गार्डन स्टेट पार्क’ हे मैदान १९४२ साली सुरू झाले. तेथील ‘गार्डन स्टेट स्टेक्स’ ही शर्यत केवळ दोन वर्षांच्या थरोब्रेड घोड्यांसाठी असे. अंतर एक मैल आणि अर्धा फर्लांग. मालकांनी आगाऊ भरलेल्या प्रवेशशुल्कातून बक्षिसाची रक्कम फुगत जाई. १९५३ साली ती अडीच लाख डॉलरांच्या वर गेली. त्या वर्षीच्या केंटकी डर्बीच्या रकमेची ही दुपटीहून अधिक होती. ज्या घोड्याचे अंग अजून भरलेले नाही, त्याच्या पायांवर जगातील मोठ्यांत मोठे बक्षीस लावले गेले!

१९५३ ची ही शर्यत ‘टर्न-टू’ नावाच्या घोड्याने जिंकली. त्याची वंशावळ चाळीत गेले असता आपण तिसऱ्या आगाखानांपाशी येऊन पोहोचतो. पुण्यास येरवड्याजवळ त्यांचा जो महाल आहे, त्यात १९४२ ते १९४४ या काळात गांधीजींना स्थानबद्ध करून ठेवले होते. १९२२ साली इंग्लंडात डॉन्कास्टरच्या लिलावात आगाखानांसाठी एक करड्या रंगाची शिंगरी ९,१०० गिनींना घेण्यात आली. तिचे नाव ‘मुमताज महल’. शहाजहानची ती बेगम १६३१ साली बऱ्हाणपुरास वारली. ज्या तापीच्या काठी बऱ्हाणपूर वसले आहे, तीच तापी पुढे खानदेश ओलांडून सुरतेस येते. तिचे नाव मिरविणारी ही घोडी १९२३ साली, दोन वर्षांची असताना, सहा वेळा धावली आणि पाच वेळा जिंकली. तिची कन्या मुमताज बेगम, बेगमेची कन्या सन प्रिन्सेस, तिचा पुत्र रॉयल चार्जर आणि त्याचा पुत्र हा टर्न-टू. मुमताज बेगमेचा दुसरा वंशतंतू नसरुल्ला या पुत्राच्या द्वारे अमेरिकेत पोहोचला. नसरुल्लाचा पुत्र ‘बोल्ड रूलर’.

आता या परीक्षेचे निकाल पाहावेत. टर्न-टू पुढल्याच वर्षी केंटकी डर्बीपूर्वी पायाची कंडरा दुखावून कायमचा निवृत्त झाला. १९५६ साली बोल्ड रूलर या शर्यतीत सतरावा आला. विजेता बार्बिझन त्या वर्षीचा सर्वोत्तम दोनवर्षी घोडा ठरला. परंतु १९५७ साली वर्षातील सर्वश्रेष्ठ घोड्याचा मान मिळाला तो बोल्ड रूलरला, आणि पुढे पैदाशीच्या वळूंमध्ये अमेरिकेत तो आठ वेळा अग्रस्थानी राहिला. परीक्षा सदैव चुकली असे मात्र नाही. १९६० चा विजेता ‘कॅरी बॅक’ सामान्य घराण्यातला असूनही पुढल्या वर्षी केंटकी डर्बी जिंकून गेला. १९७२ साली बोल्ड रूलरचाच पुत्र ‘सेक्रेटेरियट’ याने ही शर्यत मारली आणि १९७३ साली पंचवीस वर्षांच्या खंडानंतर अमेरिकेतील तिहेरी मुकुट मिळविला. बापाला जे साधले नाही, ते लेकाने साधले.

एवढी चढाओढ दुसऱ्याच वर्षी का लावावी, हा खरा वादाचा विषय आहे. घोड्याच्या गुडघ्यावरील हाडाची वाढ साधारणपणे दोन ते अडीच वर्षांनी पुरी होते. पाठीच्या कण्याला तर आणखी काही वर्षे लागतात. बेताचा सराव कोवळ्या हाडांना बळकटी देतो, हेही संशोधनाने दाखविले आहे. अपाय होतो तो सरावाने नव्हे, अतिरेकाने. टर्न-टूचा पुत्र ‘हेल टु रीझन’ १९६० साली आपल्या वयाच्या घोड्यांत सर्वश्रेष्ठ ठरला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरावाच्या वेळी त्याच्या पायाचे हाड मोडले. तो वाचला, आणि दहा वर्षांनी, १९७० साली, पैदाशीतील अग्रणी ठरला. ज्याची धाव दुसऱ्याच वर्षी संपली, त्याचे खरे मोल कळायला दहा वर्षे लागली.

१९७७ च्या एप्रिलमध्ये गार्डन स्टेट पार्कचा प्रेक्षकमंडप आगीत भस्मसात झाला. १९८५ साली मैदान नव्याने उघडले आणि शर्यतीचे नावही परत आले. पण आता तीत धावले ते तीन वर्षांचे घोडे. दोनवर्षी घोड्यांचा मोठा मान १९८४ पासून ‘ब्रीडर्स कप’च्या शर्यतीकडे गेला होता. अखेर २००१ साली मैदानच बंद झाले आणि त्या जागी घरे व दुकाने उभी राहिली.

शर्यत गेली, बक्षिसाची रक्कम खर्चून गेली. उरला तो वंश, आणि त्या वंशात सतराव्या क्रमांकाचा घोडा पहिल्याहून थोर ठरला. कोवळ्या वयाची परीक्षा घेऊ नये असे नाही. ती घेताना तिच्या निकालाला शेवटचा शब्द मानू नये आणि परीक्षेपायी परीक्षार्थीच मोडून पडणार नाही एवढी काळजी वाहावी, हाच या बंद पडलेल्या शर्यतीचा बोध होय.